कळपात नक्की कोणाचं चालतं? (रानकुत्रे, वानरं, हत्ती वगैरे)

मोहफुल

जिप्सीसमोर रानकुत्रे आले की मागच्या सीटवरून एक आवाज हमखास येतो, "चला हो पुढे, कुत्रीच आहेत." वाघासाठी पैसे भरलेल्या माणसाची घाई मला कळते. पण ताडोबा, नागझिरा, पेंच या पट्ट्यात जनावरांचं समाजजीवन बघायचं असेल तर वाघाइतकं निरुपयोगी जनावर नाही. तो एकटा येतो, पाण्यात बसतो, निघून जातो. (वाघप्रेमींनी दगड मारायला रांगेत यावं.)

रानकुत्रा, कोकणात ज्याला कोळसुंदा म्हणतात तो, वजनाला जेमतेम बारा ते अठरा किलो. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपूट. गावकुत्र्यासारखा भुंकत बसत नाही, शीळ घालतो. दाट झाडीत पांगलेली टोळी त्या शिळेवर पुन्हा एकत्र येते. टोळीत साधारण पाच ते बारा जण असतात, कधी त्याहून बरेच जास्त. वन्यजीव शास्त्रज्ञ ए. जे. टी. जॉनसिंग यांनी १९७६ ते ७८ या काळात कर्नाटकातल्या बांदीपूरच्या जंगलात यांचा माग काढला. आज आपण यांच्याबद्दल जे बोलतो त्यातलं पुष्कळसं तिथून आलेलं आहे. त्याआधी हा प्राणी म्हणजे शिकाऱ्यांच्या लेखी नुसती पीडा होता. इंग्रजांच्या काळात रानकुत्रा मारला की सरकारी बक्षीस मिळायचं, आणि हा खाक्या स्वातंत्र्यानंतरही १९७२ चा वन्यजीव कायदा येईपर्यंत या ना त्या रूपात चालू राहिला.

आता माझा मुद्दा. रानकुत्रे टोळीने राहतात कारण त्यांना टोळीने शिकार करायची असते, असं सगळीकडे वाचायला मिळतं. मला हे उलटं वाटतं. शिकारीला एवढी टोळी लागतेच असं नाही. एकटादुकटा रानकुत्रा चितळाचं पाडस पाडतो, दोघंतिघं मिळून मोठं चितळही पाडतात. पाठलागही फार लांबचा नसतो, बऱ्याचदा अर्ध्या किलोमीटरच्या आत निकाल लागतो. मग एका चितळावर आठदहा तोंडं लावून हिंडायचं कशाला?

उत्तर बिळापाशी आहे. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा यांचा पिल्लांचा हंगाम. नाल्याच्या काठातली कपार, खडकाखालची पोकळी, नाहीतर साळिंदराचं जुनं बीळ. मादीला बारा ते सोळा सड असतात, यावरूनच वेत किती मोठं असू शकतं ते कळावं. आठदहा पिल्लं नवलाची नाहीत. एवढी पिल्लं एकटी आई जगवूच शकत नाही. ती शिकारीला गेली तर बिळाशी कोण राहणार, आणि बिळाशी राहिली तर खाणार काय? म्हणून एखाददुसरा जण राखणीला थांबतो, बाकीचे शिकार करून पोटात मांस भरून येतात आणि पिल्लांपुढे, आईपुढे आणि राखणदारापुढेसुद्धा ओकतात. बाळंतिणीचा डबाच म्हणा. पुढे पिल्लं टोळीबरोबर हिंडायला लागली की शिकारीवर पहिला हक्क त्यांचा असतो, मोठे बाजूला उभे राहतात. सिंहांत याच्या बरोबर उलटं. तिथे आधी नर जेवतो आणि छाव्यांना उरलं तर उरलं.

आणखी एक. यांच्या टोळीत नर जास्त, माद्या कमी. वयात आलेल्या माद्या बाहेर पडतात, मागे राहतात ते बहुतेक भाऊ, काका, मुलगे. तमिळनाडूतल्या मुदुमलैच्या टोळ्यांवर अरुण वेंकटरामन यांचा १९९८ चा शोधनिबंध याच विषयावर आहे. म्हणजे पिल्लं राखायला जे थांबतात त्यांत काका मंडळी बरीच. आपल्याकडे हे काम कोणाच्या गळ्यात पडतं ते सांगायला नको.

कोणी टोळी, कळप, थवा, काहीही जवळून पाहिलं असेल तर लिहा. व्हॉट्सॲपवरचे सुविचार नकोत.

सह्यवेडी

मस्त लिहिलंय. कोयना-चांदोलीकडे रानकुत्रे आहेत, पण प्रत्यक्ष दिसणं दुर्मीळ. दिसते ती विष्ठा. पायवाटा एकमेकींना मिळतात तिथे ढीगच्या ढीग, सगळ्यांचा एकाच ठिकाणी. आणि त्यात केस. आमच्याबरोबरच्या वनरक्षकांनी ती काडीने उकलून भेकराचे केस कुठले आणि सांबराचे कुठले ते दाखवलं होतं. माझ्यासोबतच्या दोघांनी त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

शंकासुर

एक शंका. पिल्लं काकाची नाहीत. मग काकाने पोटातलं मांस का ओकावं? स्वतः खाऊन तगडा होऊन वेगळा संसार का थाटू नये? निसर्गात 'घराण्याचं भलं' वगैरे काही नसतं असं ऐकून आहे.

गणिती_मांजर

@शंकासुर, घराण्याचं भलं नसतं, पण जनुकांचा हिशोब असतो. विल्यम हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये तो मांडला. मदत करण्याची किंमत एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात ज्याला मदत केली त्याचा फायदा, पण त्याला नात्याच्या वाट्याने गुणायचं. सख्खं भावंड अर्धं, पुतण्या पाव. दुसरं पारडं जड झालं की असा मदतीचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. यासाठी काकाला गणित यायची गरज नाही.

जे. बी. एस. हॉल्डेन या जीवशास्त्रज्ञाच्या नावावर एक विनोद खपतो : मी दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी नदीत उडी मारीन. हा हॉल्डेन पुढे भारतीय नागरिक झाला आणि १९६४ मध्येच, भुवनेश्वरला वारला.

पण सगळं नात्यावर ढकलू नये. काकासाठी बाहेरची परिस्थितीही बघा. चितळ भरपूर असलेलं, पाणी असलेलं जंगल आधीच दुसऱ्या टोळ्यांनी व्यापलेलं असतं. एकट्याने बाहेर पडणं म्हणजे वाघ-बिबट्याच्या वाटेत जाणं. घरी थांबलं तर आज ना उद्या नंबर लागू शकतो. शिवाय रानकुत्र्यांच्या टोळीत कधीकधी एकाहून जास्त माद्यांना पिल्लं झाल्याच्याही नोंदी आहेत. त्यामुळे काका म्हणजे संन्यासी, असं समजायचं कारण नाही.

कॉर्पोरेट_वारकरी

आम्ही लीडरशिप ट्रेनिंगमध्ये लांडग्यांच्या टोळीचा फोटो दाखवतो. बर्फातून लांबच लांब ओळ चाललीय. सगळ्यात पुढे म्हातारे आणि आजारी, म्हणजे वेग त्यांचा. मग दणकट मावळे. सगळ्यात मागे अल्फा, म्हणजे टोळीचा म्होरक्या, सगळ्यांवर नजर ठेवून. प्राण्यांकडून व्यवस्थापनाने खूप शिकण्यासारखं आहे. अल्फा कोण हे रानकुत्र्यांत कसं ओळखायचं?

मोहफुल

@कॉर्पोरेट_वारकरी, राग मानू नका, पण सुविचार नकोत असं मी वर लिहिलं होतं ते याच फोटोसाठी. तो फोटो कॅनडातल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानातला. बायसनच्या मागावर निघालेली पंचवीस लांडग्यांची टोळी. खाली दिलेला म्हाताऱ्यांचा मजकूर नंतर कोणीतरी चिकटवला. खोल बर्फात पुढे चालणारा बर्फ फोडत जातो, त्याचं काम सगळ्यात कष्टाचं. आजारी जनावर तिथे टिकणार नाही. पुढे होती एक दणकट मादी, आणि बाकीचे तिच्या पावलांवर पाय टाकत वाट सोपी करून घेत होते.

माळावरचा_दगड

आणि 'अल्फा' या शब्दाची जन्मकथा तर ऐकण्यासारखी आहे. रुडॉल्फ शेंकेल या शास्त्रज्ञाने १९४७ मध्ये लांडग्यांच्या वागण्यावर लिहिलं, ते लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले. इकडून तिकडून आणलेली जनावरं एका कुंपणात कोंडली, पळून जायची सोय नाही. मारामाऱ्या होणारच. त्यातून वरचढ नर, वरचढ मादी हे चित्र पक्कं झालं. लांडग्यांचा अभ्यासक डेव्हिड मीच याच्या १९७० च्या पुस्तकाने ते जगभर नेलं. मग याच मीचने उत्तर कॅनडातल्या एल्समीअर बेटावर वर्षानुवर्षं उन्हाळे काढून मोकळे लांडगे पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की रानातली टोळी म्हणजे आई, बाप आणि त्यांची मागच्या एकदोन वेतांतली पोरं. आईबापाने पोरांवर हुकूम चालवायला कुस्ती मारावी लागत नाही. पुढे तो स्वतःचंच पुस्तक छापणं बंद करा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागला होता.

आपल्या पुणे-सोलापूरकडच्या माळरानावरचे लांडगे बघा. चारपाच जणांची टोळी, बऱ्याचदा त्याहून लहान. आई, बाप, मागच्या वर्षीचं एखादं पोर. त्यात अल्फा शोधायचा म्हणजे सदाशिव पेठेतल्या टू बीएचकेत सेनापती शोधायचा.

कॉर्पोरेट_वारकरी

@माळावरचा_दगड, स्लाइड काढतो. पण मग निर्णय कोण घेतं? दहा जनावरं एका दिशेला निघतात म्हणजे कोणीतरी ठरवत असणार ना?

गणिती_मांजर

याच्यावर एक धमाल काम आहे. बोट्सवानातल्या आफ्रिकी रानकुत्र्यांवर. (आपल्या रानकुत्र्यांचे फार जवळचे नातेवाईक नव्हेत, ठिपकेवाले, मोठ्या गोल कानांचे.) ही मंडळी विश्रांतीनंतर उठतात, एकमेकांना ढुसण्या देतात, आणि मग कधी शिकारीला निघतात, कधी परत आडवी होतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की निघायचं की नाही याचा संबंध शिंकांशी आहे. उठण्याच्या त्या धांदलीत जितक्या जास्त शिंका, तितकी टोळी निघण्याची शक्यता जास्त. वरच्या मानाच्या जोडीने सुरुवात केली असेल तर तीनेक शिंकांत काम होतं. खालच्या कोणी सुरुवात केली तर दहाच्या आसपास लागतात.

थोडक्यात, मतदान सगळ्यांना, पण प्रत्येकाच्या मताचं वजन सारखं नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेला गेलेल्यांना वेगळं सांगायला नको.

शंकासुर

आता सोसायटीत सर्दी झालेल्या माणसाला चेअरमन करावं लागेल.

बंडू_ब्रह्मपुरीकर

आमच्या इकडचे बुढे लोक सांगतात का कोळसुंदे झुडपावर मुततेत, अन् सांबर त्यातून गेलं का आंधळं होते. मग ते घेरून पाडतेत. वाघाच्या डोळ्यात शेपटीनं मूत उडवतेत असं बी म्हनतात. माझा आजा तर शपथेवर सांगे. यात काही तथ्य हाय का?

बाकी जंगलालगतच्या आमच्या शेतात कोळसुंदे आले का आम्ही हाकलत नाही. रानडुकरं चार दिवस दिसत नाहीत.

मोहफुल

@बंडू_ब्रह्मपुरीकर, ही गोष्ट विदर्भात ऐकली तशी कोकणातही ऐकली. आंधळं करण्याइतकं जहाल मूत कुठल्याच कुत्र्याचं नसतं. पण गोष्ट कुठून निघाली असावी त्याचा अंदाज करता येतो. रानकुत्रा मुतताना कधीकधी पुढच्या दोन पायांवर उभा राहतो, मागचं सगळं अंग हवेत. झाडाच्या खोडावर शक्य तितक्या उंच वास लावायचा असतो. हे एकदा पाहिलेल्या माणसाने गावात येऊन काय वर्णन केलं असेल ते बघा. दुसरं म्हणजे रानकुत्रे जनावर खाली पडायच्या आत खायला लागतात, वाघासारखा गळा दाबून धरत नाहीत. डोळ्यांवर, नाकावर, मागच्या बाजूला चावे असतात. डोळा गेलेलं सांबर ज्याने पाहिलं त्याला कारणही हवंच होतं.

याच सवयीमुळे गोऱ्या साहेबांना हे क्रूर वाटले. बंदूक हातात धरून प्राण्याला क्रूर म्हणायचं, हा त्या काळाचा खास छंद.

गेटपासचा_बळी

तुमच्या मुद्द्यावर एक हरकत आहे, मोहफुल. शिकारीला टोळी लागत नाही म्हणता, पण शिकार टिकवायला लागते की. मी स्वतः बिबट्याला रानकुत्र्यांनी झाडावर चढवलेला पाहिलाय. दोघेच असते तर बिबट्याने त्यांचाच फराळ केला असता. वाघही मोठ्या टोळीसमोर बाजूला होतो म्हणतात. आणि सांबराचा मोठा नर दोनशे किलोच्या वर जातो. तो काय दोघांचं काम आहे?

मोहफुल

हरकत रास्त आहे. मोठं सांबर असेल तर संख्या लागतेच, आणि बिबट्याच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. वाघाचं मात्र दोन्ही बाजूंनी होतं. वाघाने रानकुत्रे मारल्याच्या नोंदी काही कमी नाहीत. दक्षिणेकडच्या जंगलांत तर माणसंच आरडाओरडा करून टोळीला हाकलतात आणि चितळ घरी नेतात, तिथे संख्या काही कामाला येत नाही.

पण टोळी फक्त शिकारीसाठी असती तर शिकार छोटी तशी टोळी छोटी, इतका सरळ हिशोब दिसायला हवा होता. तसं दिसत नाही. पाडसाच्या चार घासांसाठीही सगळे एकत्रच जातात. माणशी वाटा कमी येतो हे कळूनही (म्हणजे पोटाला कळूनही) सोडत नाहीत. या तोट्याचा बदला कुठेतरी मिळत असणार. मला तो बिळापाशी दिसतो, तुम्हाला बिबट्यापाशी. दोन्ही एकाच वेळी खरं असायला काही अडचण नाही, फक्त माझं माप बिळाकडे थोडं जास्त झुकतं.

पारावरची_मावशी

वानरांबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहिते. आमच्या गावच्या देवळामागे वानरांचा कळप आहे. एक हुप्प्या, दहाबारा माद्या आणि पोरंबाळं. पोर झालं की ते अगदी काळपट असतं, आणि पहिल्याच दिवसापासून ते या मावशीकडून त्या मावशीकडे फिरत असतं. आई निवांत पानं खात बसलेली. एवढं प्रेमळ दृश्य दुसरं नाही असं वाटायचं.

मग मागच्या पावसाळ्याआधी बाहेरून पाचसहा नर आले. दोन दिवस नुसता हुप्प-हुप्प आणि पत्र्यांवर धडाधडा. जुना हुप्प्या जखमी होऊन गेला. नव्यातल्या एकाने बाकीच्यांनाही हाकललं आणि कळप धरला. त्यानंतर दोन पोरं मेली. एकाला त्याने मारताना शेजारच्या काकूंनी पाहिलं. गावात लोक म्हणाले हा वेडा झालाय, वनखात्याला बोलवा. हे नेहमी होतं का?

माळावरचा_दगड

होतं, मावशी. आणि या गोष्टीने प्राणिशास्त्रात मोठं भांडण लावलं होतं. युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात धारवाडच्या जंगलात हेच पाहिलं, अगदी तुम्ही सांगताय त्या क्रमाने. नरांची टोळी आली, जुना नर गेला, नव्याने कळप धरला, पोरं मारली गेली. त्या वेळी बहुतेकांचं म्हणणं तुमच्या गावकऱ्यांसारखंच होतं. गर्दीमुळे बिघडलेलं वागणं, दुसरं काही नाही.

मग १९७० च्या दशकात सारा हर्डी ही अमेरिकी संशोधक अबूच्या पहाडावर वानरं बघायला आली. तिने वेगळं मांडलं. अंगावर पिणारं पोर असताना मादी माजावर येत नाही. पोर गेलं की लवकर येते. नव्या नराकडे वेळ थोडा असतो. अबूला नर सरासरी सव्वादोन वर्षं टिकतो असं तिला आढळलं, पुढची टोळी दाराशी उभीच असते. म्हणून दुसऱ्याचं पोर मारणाऱ्या नराची स्वतःची पोरं जास्त होतात. पुष्कळ लोक तिच्यावर तुटून पडले. पुढे सिंहांत आणि इतर अनेक प्राण्यांत हेच दिसत गेलं.

पण माद्याही गप्प बसत नाहीत. आया, आज्या, मावश्या मिळून नराच्या अंगावर जातात. म्हाताऱ्या माद्या यात पुढे असतात हे हर्डीने आवर्जून नोंदवलंय. पोटुशी मादीसुद्धा नव्या नराशी सलगी करते, म्हणजे पुढे होणारं पोर त्याचंच असू शकतं असा घोळ तयार होतो.

पारावरची_मावशी

म्हातारीने नराच्या शेपटीला हिसडा दिलेला मीही पाहिलाय. तेव्हा हसलो होतो आम्ही सगळे.

गणिती_मांजर

हाच कळप धरणारा गडी दुपारी झाडाखाली चितळांबरोबर शांत बसलेला असतो. वानरं अर्धवट खाऊन पाला, फळं, फुलं खाली टाकतात, चितळं ती वेचतात. कान्हात पॉल न्यूटनने या सोबतीचा अभ्यास केलाय. वानराची नजर लांब आणि उंचावरून, चितळाचं नाक आणि कान जमिनीवर. एकाच्या इशाऱ्यावर दुसरा पळतो. मात्र ही सोबत सारख्या फायद्याची नाही. जवळ जाण्याचा पुढाकार बहुतेक वेळा चितळंच घेतात, वानरांना फारसं पडलेलं नसतं.

तिलारीकर

रानकुत्र्यांचा नको, आमचा हत्तींचा सांगतंय. २००२ पासून कर्नाटकातून दोडामार्ग तालुक्यात येतत. माड मोडतत, केळी संपवतत, काजूच्या बागेत तर विचारू नका. शहरातल्या लोकांना हत्ती म्हणजे कळप, आजी पुढे, पिल्लं मधे, असं वाटतं. आम्हाला जे दिसतात त्यात एकटा टस्कर असतो, नाहीतर दोघंतिघं. मग कळप कुठे गेला? आणि एकटा जास्त बिनधास्त का असतो? कळपवाली हत्तीण फटाक्याला बिचकते म्हणतात, हा फटाक्याकडे बघत केळी खातो.

माळावरचा_दगड

@तिलारीकर, कळप म्हणजे माद्यांचं घर. आजी, तिच्या मुली, नाती आणि लहान पोरं. नर साधारण दहापंधरा वर्षांचा झाला की घराबाहेर पडतो, किंवा पाडला जातो. पूर्वी समजूत अशी की आशियाई हत्तीचा नर मग एकटाच जगतो. पण कर्नाटक-तमिळनाडूकडच्या शेतीच्या पट्ट्यात निशांत श्रीनिवासय्या आणि सहकाऱ्यांना वेगळं दिसलं. त्यांचा निबंध २०१९ चा आहे. जिथे जंगल तुटलेलं आणि शेती भरपूर, तिथे नर, विशेषतः तरुण नर, आपापसांत टोळ्या करतात आणि त्या टिकतातही. माणसाच्या वस्तीत शिरणं धोक्याचं, पण भात-नाचणी-केळी म्हणजे तब्येत लवकर भरते. तरुणांना मुरलेल्या नरामागे राहून ते शिकता येतं.

म्हणजे तुमचे दोघंतिघं चुकून भेटलेले नसावेत. आणि बिनधास्तपणाचं म्हणाल तर नराबरोबर सांभाळायला पिल्लू नसतं. घरच्या माद्या प्रत्येक पाऊल पिल्लाच्या हिशोबाने टाकतात.

गडचिरोलीत २०२१ च्या शेवटी छत्तीसगडकडून आलेला तो मात्र खराखुरा कळप आहे, वीसेक जणांचा, माद्या-पिल्लांसकट. तिकडच्या लोकांनी त्याआधी कित्येक पिढ्या रानटी हत्ती पाहिलेला नव्हता.

तिलारीकर

मुरलेला म्हणजे आमच्याकडचा मोठा. सौरकुंपणाच्या तारेवर झाड ढकलून वाट करतो. धाकटो मागे उभो रवान बघता. आता कळलं काय बघता तो.

सह्यवेडी

गव्यांतही हेच ना? दाजीपूरला कळप दिसतो तो माद्यांचा आणि वासरांचा, मोठे बैल बरेचदा एकटे. २०२० च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला गवा आला होता तोही एकटाच. हजारो माणसं मागे लागली आणि बिचारा त्याच दिवशी मेला. तेव्हा बातम्यांत 'कळपातून भरकटलेला' असं येत होतं. एकटा गवा भरकटलेलाच असतो असं नाही, हे तरी लोकांना कळायला हवं होतं.

लेन्सवाले_काका

सुंदर चर्चा. मोहफुल, तुम्ही बिळाचं एवढं लिहिलंय म्हणजे पाहिलेलं असणार. कुठल्या गेटने, कुठल्या नाल्याला? येत्या जानेवारीत जायचा विचार आहे. पिल्लांचे फोटो हवेत. इथे नको तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मोहफुल

काका, व्यनिही नाही. बिळाजवळ वर्दळ वाढली की आई पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या हलवाहलवीत पिल्लं जातात. गाड्यांची रांग लागली तर टोळी परत यायला उशीर करते, राखणदार उपाशी राहतो. जानेवारीत जाच, पण पाणवठ्यावर थांबा. सकाळी शिकार झाली की टोळी पाण्यावर येते आणि खेळते. फोटो तिथे जास्त चांगले मिळतात, प्रकाशही असतो.

लेन्सवाले_काका

बरं. पाणवठा तर पाणवठा.

गुरांचा_डॉक्टर

पशुवैद्य म्हणून एक भर घालतो. एकमेकांचं तोंड चाटणं, ओकलेलं खाणं, एकाच जागी हगणं, अंगाला अंग लावून झोपणं, हे सगळं टोळीला बांधून ठेवतं आणि नेमक्या याच वाटांनी रोग फिरतो. वाघाला डिस्टेंपर (कुत्र्यांतला विषाणूचा रोग) झाला तर बहुधा एक वाघ जाईल. रानकुत्र्यांत एकाला झाला तर अख्खं बीळ धोक्यात. सेरेनगेटीत १९९४ मध्ये डिस्टेंपरने तिथल्या सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश नेले. आपल्या गीरमध्येही २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वीसहून जास्त सिंह गेले आणि त्यांच्यात हाच विषाणू सापडला. सिंहही कळपवालेच.

हा विषाणू बफरमधल्या, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावकुत्र्यांत फिरत असतो. गावातली कुत्री रानात मेलेल्या ढोरावर जातात, रानकुत्रेही तिथेच येतात.

बंडू_ब्रह्मपुरीकर

डॉक्टरसाहेब, आमच्या गावात कुत्र्यांचं शिबिर झालं होतं. सगळ्या कुत्र्यांना सुई टोचली. मग आता तो डिस्टेंपर होनार नाही ना?

गुरांचा_डॉक्टर

कुठली सुई ते बघावं लागेल. गावोगावच्या शिबिरांत बहुतेक वेळा रेबीजची लस देतात. ती हवीच, पण तिने डिस्टेंपर थांबत नाही. त्यासाठी वेगळी एकत्रित लस असते, तिच्यात डिस्टेंपर आणि पार्वो (कुत्र्यांचा उलट्या-जुलाबांचा रोग) दोन्ही येतात. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा, सोळा आठवडे होईपर्यंत. मोठ्या कुत्र्यालाही एका सुईवर सोडायचं नाही, तीन-चार आठवड्यांनी दुसरी द्यायची. लस थंड ठेवावी लागते, उन्हात पिशवीत फिरवलेली लस म्हणजे पाणी. शिबिराच्या कार्डावर नाव लिहिलेलं असेल, त्याचा फोटो टाका, सांगतो.

बंडू_ब्रह्मपुरीकर

कार्ड सरपंचाकडं हाय. उद्या टाकतो.